पाच दहाचा चहा

रंजना,

तुझा थर्मास चार दिवसांपासून पिशवीसकट माझ्या ओट्यावर उभा आहे. झाकण मी उघडलेलं नाही. दोन आठवड्यांच्या दुधाच्या चहाचं आत काय झालं असेल हे माझ्याइतकं चांगलं कुणाला माहीत असणार? आणि तरी उघडवत नाही, म्हणून मी तुझ्यावर चिडले आहे.

सगळे तुझ्याबद्दल गोड गोड बोलतात. तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात जो उठला तो म्हणाला, रंजनाताई फार शांत स्वभावाच्या होत्या. शांत? अठरा वर्षं रोज सकाळी सहाच्या एसटीत माझ्याशी चहावरून वाद घालणारी बाई शांत? मी मागच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होते आणि बाहेर सकाळपासून उकळत असलेल्या पातेल्यातला चहा पीत होते. दोनतीनदा पाणी घालून वाढवलेला, तळाशी कडवट झालेला चहा. चार कप प्यायले आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तू बघायला हवं होतंस.

निघताना तुझ्या यजमानांनी, दिलीपभाऊंनी, फाटकापाशी गाठलं. हातात तुझी निळी पिशवी. म्हणाले, "माधुरीताई, ही तिची. बसमध्ये राहिली होती, कंडक्टरने डेपोत जमा केली. मी आणली खरी, पण मला उघडवेना. चहाबिहा असेल. तुमचाच असेल."

माझाच असेल का? मला तेवढंच हवंय, दुसरं काही नको. त्या सोमवारी तू माझ्यासाठी चहा घेतला होतास की नव्हतास? घेतला असशील तर तुझा राग गेला होता. नसशील तर तू माझ्यावर रागावलेली असतानाच गेलीस. उत्तर त्या पिशवीत आहे, आणि रोज सकाळी दुधाचे कॅन उघडून प्रत्येकात नाक घालणारी मी एक झाकण फिरवायला घाबरते आहे.

तुला आठवतं का, आपलं हे चहाचं भांडण सुरू कशावरून झालं? मी डेअरीत नवी होते. तू वजनकाट्यावर, मी तुझ्या पलीकडे नमुन्याच्या टेबलावर. कॅन आधी तुझ्याकडे यायचा, मग माझ्याकडे. तू किलो सांगायचीस, मी पास की फेल ते सांगायचे. पहिल्याच दिवशी साडेदहाला दुधाच्या गाड्या संपल्या आणि तू थर्मास उघडून माझ्यापुढे कप धरलास. मी विचारलं, "किती वाजताचा?" तू म्हणालीस, "पाच दहाचा." मी कप खाली ठेवला. पाच तासांपूर्वीचा दुधाचा चहा! तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही मी तुझ्या लेकराला नावं ठेवली.

तेव्हा तुला जे सांगितलं तेच मी पुढची अठरा वर्षं सांगत आले. दुधाचा चहा बाहेर राहिला तर दोन तास, फार तर. कोरा असेल तर सकाळचा दुपारपर्यंत चालतो, चव उतरते पण पोट बिघडत नाही. थर्मासात चहा ताजा राहत नाही, फक्त गरम राहतो, आणि तोही थर्मास चांगला असेल तर. चटका बसेल इतका गरम राहिला तर ठीक, पण कोमट झाला की दुधात वाढणाऱ्या जंतूंना त्याच्यासारखी जागा नाही. आणि पुन्हा उकळला म्हणून तो नव्याने ताजा होत नाही. एवढं साधं आहे हे. पण तू ऐकशील तर शपथ.

तुझा थर्मास तर निकामीच होता. तुझ्या पल्लवीला शाळेत बक्षीस मिळालेला, स्टीलचा, बुडाशी पोचा आलेला. चांगला थर्मास बाहेरून गार लागतो, तुझा तळव्याला गरम लागायचा. थंडीत मोहदरीच्या घाटात बसच्या खिडक्या बंद होत नसत, तेव्हा तू तो दोन्ही हातांत धरून बसायचीस आणि मग माझ्या हातात द्यायचीस. "धर, ऊब घे." मी म्हणायचे, "अगं, ही चहाचीच ऊब बाहेर चाललीय. म्हणजे तो आत गार होतोय." तू म्हणायचीस, "मग वाया कुठं गेली? आपल्यालाच लागतेय ना?" मी चिडून खिडकीबाहेर बघायचे. पण हात काढून घ्यायचे नाही, हेही खरं.

आणि चहा पावडरचा डबा! गॅसच्या बरोब्बर वर, कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीला चिकटून, झाकण सैल. पावडर वर्षभर सहज टिकते गं, पण तिला हवा, ओल आणि दुसऱ्याचा वास लागू द्यायचा नसतो. तुझ्या चहाला कधीकधी रश्श्याचा वास यायचा. आलं तू ठेचून टाकायचीस ते दूध नीट उकळायच्या आतच, आणि मग दहातून एकदा चहा फाटायचा. तोही गाळून आणायचीस. म्हणायचीस, "माधे, पी गुपचूप, पनीर गाळून टाकलंय."

मी मार्ग काढला नव्हता असं नाही. किती वेळा सांगितलं, कोरा चहा थर्मासात आण, दूध वेगळं बाटलीत आण, आल्या आल्या ते माझ्या नमुन्यांच्या फ्रीजमध्ये ठेवू आणि प्यायच्या वेळी मिसळू. तुझं उत्तर ठरलेलं. "कोऱ्याला आम्ही काढा म्हणतो. आजारी माणसाला देतात. चहा दुधात उकळला तरच चहा."

त्या निळ्या रंगाचं तर मी अजून कुणाला नीट सांगू शकत नाही. आपल्याकडे दुधात निळ्या रंगाचा थेंब टाकून ठेवायची चाचणी असते, रंग लवकर उडाला तर दुधात जंतू जास्त. तुला एकदाचं पटवून द्यायचंच म्हणून मी तुझ्या चहाचा नमुना घेतला, नळीत भरला, थेंब टाकला आणि गरम पाण्यात उभा केला. चहा आणि निळा मिळून शेवाळासारखा हिरवा झाला. आता रंग उडाला की नाही हे कसं कळणार? शाळेतल्या पोरालाही आधी सुचलं असतं. तू ती नळी हातात घेऊन दूध उतरवायच्या सगळ्या डॉकवर फिरलीस. "बघा, आमच्या बाईंनी चहाचं डबकं केलं!" महिनाभर मला सगळे डबकेवाल्या बाई म्हणत होते. त्या दिवशी मला राग आला होता. आज तू परत एकदा ती नळी घेऊन फिरायला हवी होतीस.

आता त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारचं. ते मला लिहावंच लागेल.

तो सगळा दिवसच वाईट होता. सकाळपासून पाच कॅन फेल झाले होते, ज्यांचे फेल झाले ते माझ्याशी हुज्जत घालत होते. पांगरीहून दूध आणणारे मामा टेबलाशी उभे राहून तिसऱ्यांदा म्हणत होते, "ताई, परत एकदा बघा ना. रात्री चांगलं व्हतं दूध." आणि तेवढ्यात तू नेहमीसारखा कप पुढे केलास. मी घोट घेतला. आंबूस लागला. खरंच लागला, की माझं तोंडच आंबलं होतं, आता कोण सांगणार? मी तुझ्या हातातून थर्मास घेतला, अख्खा चहा डॉकच्या मोरीत ओतला आणि कॅन परत करताना ओरडते तसंच ओरडले, "फेल!"

मामा हसले. "आयला, चहा बी फेल? लय कडक कारभार हाय बाई तुमचा." गाड्यांवरची सगळी माणसं हसली. तू हसली नाहीस. थर्मास विसळलास, झाकण लावलंस आणि काट्यावर जाऊन बसलीस. दिवसभर किलोशिवाय एक शब्द बोलली नाहीस.

मी माफी मागायला हवी होती. साधं होतं. पण माझं डोकं कसं चाललं बघ. मी म्हटलं, मी चुकीचं काय बोलले? आंबूस तर आंबूस. शुक्रवारी मी सहाची बस सोडली आणि वीस मिनिटांनी जीपने आले, तुझ्या शेजारी बसायला नको म्हणून. शनिवारी तेच. रविवारी दोघींची सुट्टी. सकाळी तुझा तो नेहमीचा गुड मॉर्निंगचा फोटो आला, वाफाळत्या कपाचा. मी बघितला आणि उत्तर दिलं नाही. मनात म्हटलं, फोटोतलाच ताजा असेल.

सोमवारी पुन्हा जीप. पळसे गावाच्या पुढे आपली बस रस्त्याच्या कडेला उभी दिसली. लोक खाली उतरलेले, दोघंतिघं दाराशी जमलेले. मला वाटलं पंक्चर. आणि रंजना, हे मी दिलीपभाऊंना सांगितलेलं नाही, कुणालाच सांगितलेलं नाही, माझ्या मनात आलं, बरं झालं. आज हिला उशीर होईल, आज हिचा काटा मी सांभाळीन, मग बोलावंच लागेल माझ्याशी. जीपवाल्याने बसला वळसा घातला आणि आम्ही पुढे गेलो. तू आत होतीस. मी बसच्या काचेतून आत बघितलं सुद्धा नाही.

डेअरीत पोचून हातमोजे घालत होते तेव्हा फोन आला. तोपर्यंत तुला कुणाच्या तरी गाडीतून हॉस्पिटलला नेलं होतं आणि तोपर्यंत सगळं संपलंही होतं.

लोक म्हणतात, त्रास झाला नाही. मला याचाही राग येतो. त्रास पंधरा दिवस होत होता. जिना चढताना थांबायचीस, डावा खांदा चोळायचीस. मी विचारलं की म्हणायचीस, "गॅसेस गं. घोटभर चहा घेतला की उतरतं." दुसऱ्यांच्या दुधातलं चमचाभर पाणी मला कळतं, आणि रोज शेजारी बसणाऱ्या बाईचा खांदा कळला नाही. चहाचे तास मोजत बसले. तुला ओढत डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, तर मी तुला आल्याचं शास्त्र शिकवत होते. आणि तू तरी? घरी एका शब्दाने बोलली नाहीस. दिलीपभाऊ परवा तेच विचारत होते, "तुम्हाला काही बोलली होती का हो?" काय सांगू त्यांना?

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण तू लगेच सगळ्या डॉकला ऐकवली असतीस. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून घरी मी एकटी. माझा चहा मीच करते, माझा कप मीच धुते. या नऊ वर्षांत दुसऱ्या कुणी पहाटे उठून, माझी साखर कमी हे लक्षात ठेवून माझ्यासाठी चहा केला असेल तर तो फक्त तू. नावं ठेवत ठेवत मी तो रोज प्यायले. मोजून एक दिवस ओतला. तुला वाटलं असेल मला तो आवडत नव्हता. मला साडेदहा कधी वाजतात असं व्हायचं गं.

थांब. उघडतेच आता. असं लिहीत बसून काही होणार नाही.

उघडला.

आधी पिशवी सांगते. वर तुझा रुमाल. खाली दोन कप. तुझा, आणि कान वाकलेला तो माझा स्टीलचा. म्हणजे आणला होतास.

मग थर्मास. नाकाला पदर लावून, मोरीवर धरून झाकण फिरवलं. दोन आठवड्यांचं दूध, फसकन वर येणार असं धरून चालले होते. काहीच आलं नाही. आत काळं होतं. वर बुरशीचा पांढरट पापुद्रा, त्याखाली काळा चहा. दुधाचा थेंब नाही. कुबट वास होता, पण त्याच्या आतून गवती चहाचा वास अजून येत होता. कोरा होता रंजना. अठरा वर्षं ज्याला काढा म्हणालीस, तो.

पिशवीच्या तळाशी दुसऱ्या रुमालात गुंडाळलेली माझी बाटली निघाली. माझ्या टेबलावरची, नमुन्याची. कधी उचललीस? आत दुधाचं केव्हाच दही होऊन पाणी सुटलं होतं. बाटलीला माझंच लेबल, त्यावर तुझं ते तिरकं अक्षर.

नमुना: रंजनाच्या घरचं दूध.
वेळ: पहाटे ५.१०.
शेरा: बाई देतील.

मला ओरडावंसं वाटलं. मग ओरडलेच, बाथरूमचं दार लावून, नळ सोडून. अठरा वर्षं हटून बसलीस आणि हार मानायला नेमका तोच दिवस मिळाला, ज्या दिवशी मी मागून जीपमध्ये बसून तोंड फुगवत होते? आदल्या दिवशी एक फोन करता येत नव्हता? त्या कपाच्या फोटोखाली दोन शब्द लिहिता येत नव्हते? आणि मी तरी. एक बस. सहाची एक बस पकडायची होती मला.

पुढचं मंगळवारी लिहिते आहे.

थर्मास सोडा घालून, गरम पाण्याने तीनदा धुतला. बुडाचा पोचा तसाच आहे. आज पहाटे उठून कोरा चहा केला, गवती चहा घालून, आलं उकळीत. पाच दहाला थर्मास भरला, दूध वेगळ्या बाटलीत. सहाच्या बसने गेले. आपल्या सीटवर एक कॉलेजची मुलगी होती, मी तिच्या शेजारी बसले. थर्मास मांडीवर धरला. अजूनही गरम लागतो बाहेरून.

दूध फ्रीजमध्ये ठेवलं. काट्यावर आता नवीन माणूस आहे, किलो फार हळू सांगतो. साडेदहाला गाड्या संपल्यावर दोन्ही कप काढले. पांगरीचे मामा जवळ आले. नेहमीसारखी थट्टा नाही, टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, "त्या दिशी म्या हसलो ना ताई. लय वाईट वाटतंय." मी म्हटलं, "तुम्ही हसलात, मी ओतला." आणि तुझा कप त्यांना दिला. चहा ओतला, वरून थंड दूध घातलं.

मी घोट घेतला. शास्त्राप्रमाणे एकदम ताजा, दोष काढायला जागा नाही. आणि बेचव. अगदी बेचव, रंजना. गार दुधाने कोमट झालेलं काळं पाणी. अंगाला चहा प्यायल्यासारखं वाटलंच नाही. मामांनी पण कसाबसा संपवला आणि भिडस्तपणे म्हणाले, "ताई, रंजनाताईचा बरा असायचा."

बरा असायचा. दुधात उकळला तरच चहा. हे मला तुला साडेदहा वाजता, तिथेच, काट्यावर येऊन सांगायचं होतं. तू जिंकलीस असं तोंडाने म्हणायचं होतं, आणि मग तू ते आठवडाभर डॉकवर सांगत फिरली असतीस, आणि मी चिडले असते. इतकंच हवं होतं मला.

तुझी ती बाटली मी तिथेच घेऊन गेले होते. आपल्याकडे लेबलावरची शेऱ्याची रेघ रिकामी ठेवून बाटली धुवायला टाकता येत नाही, हा माझाच नियम. आलेल्या प्रत्येक नमुन्यावर शेरा हवाच. संध्याकाळी सगळे गेल्यावर टेबलाशी बसले. 'पास' लिहायला पेन टेकवलं, पण न तपासता पास लिहायचं नाही, हाही माझाच नियम. मग जे खरं होतं ते लिहिलं.

शेरा: नमुना वेळेवर आला. तपासणारी गैरहजर.

खाली तारीख टाकली, सही केली आणि बाटली धुवायला घेतली.